स्कीचे बूट पायाला चावतात? बहुतेक वेळा ते मोठे असतात म्हणून!

गुलमर्गहून परतलेल्या मंडळींच्या रील्समध्ये गोंडोला असतो, पांढरेशुभ्र उतार असतात, स्कीसकट धपकन पडण्याचे व्हिडिओही असतात. संध्याकाळी स्कीचे बूट काढतानाचे चेहरे मात्र कुणी टाकत नाही. करंगळी सुजलेली, नडगीवर लाल पट्टा, अंगठ्याचं नख काळंनिळं आणि पावलाला मुंग्या. हौसेने आठवडाभराचा कोर्स लावलेला माणूस दुसऱ्याच दिवशी हॉटेलच्या खोलीत पाय चोळत बसतो आणि "हे आपलं काम नाही" असं ठरवून टाकतो.

यातला बराचसा त्रास टाळता येतो. स्कीच्या बुटांनी पाय दुखण्याचं नेहमीचं कारण ऐकायला उलटं वाटेल. बूट मापापेक्षा मोठा असतो! मोठ्या बुटात पाऊल पुढेमागे सरकतं. ते सरकू नये म्हणून बकलं करकचून आवळली जातात. बकलं आवळली की पावलाच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातात, पाय बधिर होतो, दुखतो, गार पडतो. मग माणूस दुकानात जाऊन सांगतो, "फार घट्ट होतोय, एक नंबर मोठा द्या." दुकानदार देतोही. आणि दुसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढतं.

हे गमबूट नव्हेत

आधी एक घोळ मिटवायला हवा. मनालीहून रोहतांगकडे जाताना किंवा गुलमर्गच्या अलीकडे टंगमर्गला कोटासोबत भाड्याने मिळतात ते गमबूट. ते बर्फात फिरण्यासाठी असतात आणि थोडे ढगळ असले तरी बिघडत नाही. स्की बूट ही वेगळीच वस्तू आहे. त्याला बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच असतं, त्याला शेल म्हणतात. आत मऊ, काढता येणारा भाग असतो, तो लायनर. पुढून बंद करायला साधारणपणे चार बकलं आणि नडगीवर एक रुंद पट्टा असतो, त्याला पॉवर स्ट्रॅप म्हणतात. बुटाचा तळवा पुढून आणि मागून स्कीवरच्या बाइंडिंगमध्ये खटकन अडकतो.

वळायचं असलं की स्कीअर गुडघा पुढे वाकवतो, नडगीने बुटाची जीभ दाबतो आणि पाऊल किंचित कडेवर झुकवतो. हा दाब बुटातून स्कीपर्यंत पोहोचतो. पाऊल आणि कवच यांच्यात ढिलाई असेल तर आधी पाऊल बुटात हलतं, मग बूट हलतो, मग स्की. सायकलचं हँडल ढिलं असावं तसं काहीसं. उतारावर वेग असताना हा उशीर महागात पडतो. म्हणून स्की बूट अंगाबरोबर बसणारा लागतो.

इथेच आपल्याकडच्या सवयी आड येतात. नवी कोल्हापुरी चार दिवस चावते, मग पायाची होते, कारण चामडं ताणतं. स्की बुटाचं कवच तसं ताणत नाही. आतला लायनर मात्र वापराने दबतो आणि बूट दुकानात होता त्यापेक्षा थोडा सैल होतो. म्हणजे पहिल्या दिवशी मऊ गादीसारखा वाटलेला बूट आठवडाभराने ढगळ होणार, आणि कवच जिथे हाडाला टोचतंय तिथे ते आपोआप टोचायचं थांबणार नाही. मुलांना शाळेचे बूट घेताना 'वाढत्या मापाचे' घेतात, तो हिशोबही इथे लावू नये. मुलांसाठी मोठा बूट घेतला तर त्यांना वळणं घेताच येत नाहीत, आणि पोर रडतंय ते थंडीने की बुटाने हे घरच्यांना कळत नाही.

चामड्याकडून प्लास्टिककडे

जुने स्कीअर चामड्याचे, नाड्यांचे बूट वापरत. ते मऊ असत, ओले होत आणि घोट्याला फारसा आधार देत नसत. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये नाड्यांच्या जागी बकलं आली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट बाजारात आणले आणि काही वर्षांतच चामडं मागे पडलं. प्लास्टिकने स्कीवरचा ताबा कमालीचा वाढला, पण नडगी कडक कडेवर आपटून होणारं दुखणंही सोबत आलं. त्या दुखण्याला स्कीअरांनी चक्क त्या बुटाचंच नाव जोडलं: 'लँग बँग'. आता त्याला 'शिन बँग' म्हणतात.

उंच, कडक बूट आणि सुटणारी बाइंडिंग यांमुळे घोट्याची मोडतोड पुढे बरीच कमी झाली. गुडघ्याचे लिगामेंट फाटण्याचा प्रश्न मात्र राहिला.

माप: जुना नंबर विसरा

स्की बुटांचं माप यूके ७, ८ असं नसतं. जगभर 'मोंडोपॉइंट' ही पद्धत चालते आणि ती फारच सोपी आहे. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये जितकी, तितकंच बुटाचं माप. पाऊल २६.५ सेंटिमीटर असेल तर बूट २६.५.

घरीच मोजता येतं. फरशीवर भिंतीला लागून कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून खूण करायला सांगायचं. स्वतः वाकून खूण केली की वजन सरकतं आणि माप चुकतं. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा खूण त्याच्याशी करायची. दोन्ही पाय मोजायचे, कारण थोडा फरक बहुतेकांना असतो. भाड्याचा बूट घेताना मोठ्या पावलाचं माप सांगावं. याच वेळी चवड्याची सगळ्यात रुंद जागाही मोजून ठेवावी.

रोजच्या बुटाच्या नंबरावरून अंदाज करायला गेलं की हमखास मोठा बूट पदरात पडतो. रोजच्या बुटात बोटांपुढे मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते, शिवाय प्रत्येक कंपनीचा ८ नंबर वेगळा. मोंडोचं २६.५ म्हणजे यूके मापात ढोबळमानाने साडेसात. पण साडेसात नंबर घालणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल २६.५ असेलच असं नाही. म्हणून सेंटिमीटरच सांगावेत.

आणखी एक गंमत दुकानात कुणी सांगत नाही. बहुतेक कंपन्या अर्ध्या मापासाठी वेगळं कवच बनवतच नाहीत. २६ आणि २६.५ चं कवच सहसा एकच असतं, फरक आतल्या तळव्यात किंवा लायनरमध्ये. त्यामुळे २६ चा घट्ट वाटला म्हणून २६.५ मागितला तर फारसं काही बदलत नाही, आणि २७ मागितला की कवचच एक पायरी मोठं होतं.

कवच तपासायची युक्ती

बूट फिट करणारे जाणकार लायनरवर विश्वास ठेवत नाहीत. नवा लायनर जाड आणि फुगीर असतो, त्यामुळे मोठा बूटही सुरुवातीला बरोबर वाटतो. म्हणून ते लायनर बाहेर काढतात आणि नुसत्या कवचात पाय घालायला लावतात. बोटं पुढच्या बाजूला अगदी हलकी टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचं. एक ते दोन बोटं बसतील इतकी, म्हणजे साधारण १ ते २ सेंटिमीटर जागा असेल तर कवचाची लांबी ठीक. शिकाऊ माणसाला २ च्या आसपास चालतं, शर्यतीत उतरणारे १ च्याही खाली जातात. अडीच सेंटिमीटरच्या वर जागा असेल तर बूट मोठा आहे, मग आत कितीही उबदार वाटो.

भाड्याच्या दुकानात गर्दीच्या वेळी लायनर काढू देतील का? विचारून पाहावं. नाहीच म्हणाले तर दुसरी परीक्षा आहे. बूट पूर्ण घालून, बकलं लावून सरळ ताठ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकी टेकली पाहिजेत. मग गुडघे पुढे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. ताठ उभं राहूनही बोटांपुढे ऐसपैस जागा असेल तर बूट परत करावा. उलट गुडघे वाकवल्यावरही बोटं मुडपलेलीच राहत असतील तर तो खरोखर लहान आहे.

बहुतेक नवशिके पहिल्या परीक्षेतच घाबरतात. ताठ उभं असताना बोटं टेकली की "लहान आहे" म्हणून बूट काढून टाकतात. पण स्कीइंग करताना कुणी ताठ उभं नसतं.

लांबी जमल्यावर रुंदी. बुटाच्या माहितीत 'लास्ट' म्हणून मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. ९७-९८ म्हणजे अरुंद, १०० च्या आसपास मध्यम, १०२ आणि त्यावर रुंद. हा आकडा सहसा २६.५ मापाच्या बुटाचा असतो, लहान मापात रुंदी कमी होते आणि मोठ्या मापात वाढते. चवडा पसरट असलेल्यांनी नंबर वाढवू नये, त्याच लांबीत रुंद लास्ट मागावा.

फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे त्याचा आकडा. नवशिक्यांना साधारण ६० ते ९० पुरतो. १३० चे बूट तयारीच्या, वजनदार स्कीअरसाठी. हे आकडे कंपनीगणिक बदलतात, एकीचा १०० दुसरीच्या ९० सारखा वाटू शकतो. शिवाय थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. दुकानातल्या हीटरजवळ सहज वाकणारा बूट उतारावर लाकडासारखा वाटला तर नवल नाही. रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवलेले बूट सकाळी पायात शिरत नाहीत, तेही यामुळेच.

घालायची पद्धत आणि मोज्यांची चूक

थंडी म्हणून दोन जोड मोजे, ही सगळ्यात महागात पडणारी हुशारी. दोन मोज्यांमध्ये घडी पडते, घडी तासाभरात हाडावर व्रण करते, आणि जाडीमुळे रक्तपुरवठा अडून पाय उलट जास्त गार पडतो. एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा लोकरीचा किंवा सिंथेटिक मोजा पुरे. सुती नको, तो घाम धरून ठेवतो. थर्मल पँटची कड बुटात कोंबायची नाही, ती बुटाच्या वर ओढून ठेवायची. नडगीवरच्या लाल पट्ट्यांमागे कित्येकदा ही एक शिवण असते.

बूट घालताना सगळी बकलं उघडायची, जीभ बाहेर ओढायची, पाऊल आत सारायचं आणि जीभ मधोमध बसवायची. मग टाच जमिनीवर दोन-चारदा आपटायची, म्हणजे ती मागच्या खोबणीत नीट बसते. गुडघे पुढे वाकवून आधी नडगीवरची वरची बकलं लावायची, त्यानंतर खालची. चवड्यावरची दोन बकलं फक्त मिटण्यापुरती असतात, जोर तिथे लावायचा नसतो. बरेच जण नेमकं उलटं करतात, खालची बकलं जिवाच्या आकांताने आवळतात आणि वरची सैल ठेवतात. बहुतेक बकलं स्वतःभोवती फिरवली की किंचित लांब-आखूड होतात, तेव्हा एका दात्यावर सैल आणि पुढच्यावर घट्ट होत असेल तर हा मधला मार्ग आहे.

नीट बसलेला बूट चांगल्या बांधलेल्या क्रेप बँडेजसारखा जाणवतो, म्हणजे सगळीकडून सारखा दाब आणि एकाच बिंदूवर टोचणी नाही. टाच उचलता येऊ नये, बोटं मात्र हलवता यावीत. दुकानात १५-२० मिनिटं घालून, गुडघे वाकवत उभं राहावं. दोन मिनिटांत काही कळत नाही.

दुखतंय कुठे, त्यावरून कारण

काळं पडलेलं नख पाहून बूट आखूड होता असं सगळ्यांना वाटतं. तसं असू शकतं. पण बऱ्याचदा बूट मोठा असतो, टाच धरलेली नसते आणि प्रत्येक वळणावर पाऊल पुढे सरकून बोटं आपटत राहतात. तळपायाच्या कमानीत गोळे येत असतील तरी संशय ढिलाईवरच घ्यावा, कारण पाऊल स्थिर ठेवण्यासाठी बोटं नकळत तळवा पकडायला बघतात.

करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुखणं हे मात्र खऱ्या अर्थाने अरुंदपणाचं लक्षण. पावलाच्या वरच्या बाजूला कळ येऊन बोटं बधिर होत असतील तर एक तर तिथलं बकल जास्त आवळलंय किंवा पावलाची उंची जास्त आहे. आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे असलेलं हाड टोचत असेल तर पाऊल सपाट असण्याची शक्यता असते. वजन पडलं की कमान खचते आणि ते हाड कवचाला जाऊन भिडतं. त्याला बूट बदलण्यापेक्षा कमानीला आधार देणारा तळवा जास्त उपयोगी पडतो.

नडगीच्या दुखण्याला बूट आणि स्कीअर दोघंही जबाबदार असतात. वरचा भाग सैल असला की नडगी आणि जीभ यांच्यात पोकळी राहते आणि प्रत्येक उंचवट्यावर ठोका बसतो. नवशिका घाबरून मागे झुकतो, मग धडपडून पुढे येतो, तेव्हाही तेच होतं. वरची बकलं आणि पट्टा नीट आवळून नडगी सतत जिभेला टेकलेली ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो.

बूट बदलला? मग बाइंडिंगही बदलतं

भाड्याने घेणाऱ्यांनी हे विसरूच नये. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा यासाठी बाइंडिंगची सेटिंग माणसाचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरते. ही लांबी मिलिमीटरमध्ये, सहसा टाचेच्या बाजूला, कवचावर कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. दुखतंय म्हणून दुपारी दुसरा बूट घेतला आणि जुन्याच स्कीवर चढलात तर बाइंडिंग नको तेव्हा सुटेल किंवा हवं तेव्हा सुटणार नाही. न सुटलेली स्की पाय पिरगाळते. त्यामुळे बूट बदलायला जाताना स्की सोबत न्यायची आणि बाइंडिंग पुन्हा लावून घ्यायचं. आत्ताच्या बुटांना वेगवेगळ्या प्रकारचे तळवेही असतात. प्रत्येक तळवा प्रत्येक बाइंडिंगला चालत नाही, तेही दुकानदाराकडून तपासून घ्यावं.

भाड्याचा लायनर ओला आहे का, हे हात घालून बघावं. ओल्या लायनरमध्ये सकाळ काढणं म्हणजे थंडीला आमंत्रण.

स्वतःचे बूट घ्यायचे तर

अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात राहणाऱ्या, दर हिवाळ्यात दहा-बारा दिवस बर्फावर जाणाऱ्यांसाठी स्कीच्या आधी बूट विकत घेणं शहाणपणाचं. तिथे बूट फिटिंग हा स्वतंत्र धंदा आहे. जाणकार फिटर आधी पाऊल मोजतो, घोटा किती वाकतो ते पाहतो आणि मगच दोन-तीन जोड समोर ठेवतो. लायनर गरम करून पायावर साच्यासारखा बसवतात. कवच एखाद्या हाडाला लागत असेल तर प्लास्टिक तापवून तेवढीच जागा बाहेर फुगवतात किंवा आतून घासतात. घोटा कमी वाकणाऱ्यांच्या टाचेखाली पाचर घालतात.

कवच फुगवता येतं, पण मोठं कवच लहान करता येत नाही. त्यामुळे किंचित लहान बुटावर काम करून देणारा फिटर "थोडा मोठाच घ्या" म्हणणाऱ्या विक्रेत्यापेक्षा बरा. ऑनलाइन सवलतीत मिळालेल्या बुटाचा खर्च पुढे फिटरकडे दुरुस्तीत जातो, हेही धरून चालावं.

बधिर पाय हलक्यात घेऊ नका

गुलमर्गच्या गोंडोलाचा वरचा टप्पा ३,९०० मीटरहून उंच जातो. तिथल्या थंडीत आवळलेल्या बुटातलं बधिर पाऊल ही नुसती गैरसोय नसते. बकलं सैल करून, बोटं हलवून दहा-पंधरा मिनिटांत संवेदना परत आली नाही तर खाली येऊन बूट काढावा. त्वचा पांढरी, मेणासारखी दिसत असेल तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते. अशा पायाला बर्फ चोळायचा नाही, शेकोटी किंवा हीटरसमोरही धरायचा नाही, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. उबदार खोलीत कोरडा करून डॉक्टर गाठायचा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांना तर दुखण्याची सूचनाच मिळत नाही. त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि दिवसातून दोन-तीनदा बूट काढून पाय डोळ्यांनी पाहावेत.

गोंडोलात किंवा लिफ्टवर बसताना बकलं सैल करावीत आणि वर पोहोचल्यावर पुन्हा लावावीत. रोजचे स्कीअर हे न विसरता करतात.

रात्री लायनर बाहेर काढून हवेशीर जागी वाळवावा, पण हीटरला चिकटवून नको. कोरडा झाला की परत घालून बकलं हलकी लावून ठेवावीत, म्हणजे कवचाचा आकार टिकतो. आणि विमानतळावर कुणी पाठीवरच्या बॅगेला स्कीचे बूट लटकवून फिरताना दिसलं तर तो दिखावा समजू नये. सामान हरवलं तरी स्की कुठेही भाड्याने मिळते, पायावर बसवलेला बूट मिळत नाही. एका जोडीचं वजन तीन-चार किलोंच्या घरात जातं, त्यामुळे केबिन बॅगेच्या सात किलोंत बसवायचं तर विमान कंपनीला आधी विचारून घ्यावं, आणि स्वेटर अंगात घालावेत.